फलाट आधी की रूळ?

दिघा गाव स्थानक 2023 सालीच बांधून तयार होतं. फलाट, छप्पर, तिकीटघर, जिने, नावाची पाटी, सगळं जागच्या जागी होतं. ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या गाड्या त्या कोऱ्या फलाटाला घासून पुढे जात होत्या, पण थांबत नव्हत्या, कारण उद्घाटनाला मुहूर्त मिळत नव्हता. स्थानिक पुढाऱ्यांनी आंदोलनं केली, प्रवासी ऐरोलीला उतरून रिक्षा करत राहिले आणि अखेर 12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतूच्या सोहळ्यात दिघ्याचीही फीत कापली गेली. त्याच दिवशी खारकोपर ते उरण हा रेल्वेमार्गाचा दुसरा टप्पा सुरू झाला. तिथली तऱ्हा नेमकी उलटी. बेलापूर-नेरुळहून उरणला लोकल धावू लागली, पण वाटेतल्या तरघर आणि गव्हाण या स्थानकांचं काम अपुरं असल्यामुळे गाडी तिथे न थांबताच निघून जायची. एका मार्गावर स्थानक होतं पण गाडी थांबत नव्हती, दुसरीकडे गाडी होती पण स्थानक नव्हतं. उरणचा मार्ग 1996-97 साली मंजूर झाला होता आणि त्याची लांबी 27 किलोमीटर आहे. किलोमीटरमागे एक वर्ष, असा हिशोब कोणी मांडला तर तो चुकीचा ठरणार नाही.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेत नवी स्थानकं आणि नव्या मार्गिका हा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा स्थानकापासून सुरू होते आणि स्थानकापाशीच संपते. त्यात काही नवल नाही. स्थानक दिसतं, त्याला नाव देता येतं, त्याच्या दारात छायाचित्र काढता येतं. पाचव्या-सहाव्या मार्गिकेपुढे उभं राहून कोणी छायाचित्र काढत नाही. पण गेल्या पंचवीसेक वर्षांत या रेल्वेवर जे झालं आणि जे रखडलं, ते एकत्र ठेवून पाहिलं तर दिसतं की गाडीतली गर्दी कमी होते ती रुळांनी, सिग्नलनी आणि पुलांनी. स्थानकं त्या गर्दीत माणसं घालतात. हे ध्यानात घेतलं नाही की काय होतं, याचे दाखले मध्य रेल्वेवर मुबलक आहेत.

आधी मुळातली अडचण. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हा या वाटेवर शहर नव्हतं, गावं आणि खाजणं होती. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेवरची पहिली लोकल धावली, तीही चार डब्यांची. पुढे डबे नऊ झाले, बारा झाले, काही गाड्या पंधरा डब्यांच्या झाल्या. विजेचा दाब 1,500 व्होल्ट डीसीवरून 25 हजार व्होल्ट एसीवर नेण्याचं काम 2016 मध्ये हार्बर मार्गावर पुरं झालं. आज मध्य आणि पश्चिम मिळून रोज तीन हजारांहून अधिक फेऱ्या होतात. सत्तर लाखांच्या आसपास माणसं त्यातून प्रवास करतात. जगात इतक्या थोड्या रुळांवरून इतकी माणसं नेणाऱ्या रेल्वे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतील. हे कौतुकाचं आहे, तसंच भीतीचंही, कारण एका रुळावर ऐन गर्दीच्या वेळी दर तीन-चार मिनिटांना एक गाडी निघते आणि त्यात आणखी एक कोंबायला जागा उरलेली नाही. ‘गाड्या वाढवा’ ही मागणी रास्त आहे. मात्र गाडी फलाटावरून सुटते ती रुळावरूनच.

कल्याणपर्यंतच्या मध्य रेल्वेवर मुळात चार मार्गिका, दोन धिम्या आणि दोन जलद. लांब पल्ल्याच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या जलद मार्गिका वापरतात. सकाळी बाहेरगावची एखादी गाडी उशिराने कल्याणला पोहोचली की ती कुठल्या तरी फास्ट लोकलच्या जागेवर शिरते, आणि डोंबिवलीच्या फलाटावर ‘गाडी पंधरा मिनिटे विलंबाने’ अशी उद्घोषणा होते. यावर उपाय म्हणजे बाहेरगावच्या गाड्यांसाठी वेगळी पाचवी-सहावी मार्गिका. पश्चिम रेल्वेवर मुंबई सेंट्रल ते बोरिवली पाचवी मार्गिका 2002 साली झाली. सहावी मात्र तुकड्या-तुकड्यांनी येते आहे, त्यातला खार-गोरेगाव हा टप्पा नोव्हेंबर 2023 मध्ये पुरा झाला. मध्य रेल्वेवर कुर्ला-ठाणे आणि दिवा-कल्याण हे तुकडे तयार होते. मधला ठाणे-दिवा तुकडा नव्हता. दोन्ही बाजूंना सहा रूळ आणि मधे चार, अशी अवस्था वर्षानुवर्षं होती.

या तुकड्याची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण सगळा प्रश्न त्यात मावतो. काम 2008 साली मंजूर झालं. ठाण्यापुढे एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत मुंब्र्याची दाट वस्ती. डोंगरातून जाणारा सव्वा किलोमीटरचा पारसिक बोगदा 1916 सालचा. त्यातून फक्त दोन रूळ जातात. तेव्हा अभियंत्यांनी असं ठरवलं की बोगद्यातली जुनी जलद मार्गिका बाहेरगावच्या गाड्यांना द्यायची आणि फास्ट लोकलसाठी मुंब्र्याच्या अंगाने नवे रूळ टाकायचे. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात त्यासाठी उन्नत मार्ग, पूल, कळव्यात आणि मुंब्र्यात नवे फलाट आणि रुळांलगतच्या वस्तीचं स्थलांतर, सगळं लागलं. शेवटची जोडणी करायला फेब्रुवारी 2022 मध्ये 72 तासांचा मेगाब्लॉक घेतला. रेल्वेतली माणसं या कामाला ‘कट अँड कनेक्शन’ म्हणतात. चालू रूळ कापायचा, सरकवून नव्याला जोडायचा, वरची ओव्हरहेड वायर तितकीच सरकवायची, सिग्नलच्या केबली तपासायच्या, खडी टाकून टॅम्पिंग मशीनने दाबून घ्यायची आणि मगच पहिली गाडी सावकाश सोडायची. तीन दिवस शेकडो माणसं त्या पट्टीत राबत होती आणि कल्याणपलीकडची जनता शिव्या घालत बसची रांग धरून होती. दोन्ही गोष्टी खऱ्या.

त्या मार्गिकेचं लोकार्पण 18 फेब्रुवारी 2022 रोजी झालं आणि मध्य रेल्वेवर 36 फेऱ्या वाढल्या. त्यातल्या 34 वातानुकूलित होत्या. इथे गोष्ट पुन्हा वाकडी झाली. चौदा वर्षं वाट पाहिलेल्या मार्गिकेचं पहिलं फळ ज्यांच्या पदरात पडायचं, त्या साध्या पासवाल्यांच्या वाट्याला जवळजवळ काहीच आलं नाही. उलट काही ठिकाणी रोजची साधी लोकल जाऊन तिथे एसी लोकल आली. ऑगस्ट 2022 मध्ये कळव्यात आणि बदलापुरात प्रवासी रुळांवर आणि स्थानकात उतरले ते यामुळे. एसी गाडीला विरोध म्हणून त्यांची हेटाळणी झाली. खरं तर त्यांचा प्रश्न साध्या बेरजेचा होता: गाडीत जागा वाढली की कमी झाली? सकाळच्या वेळेत साधी लोकल काढून एसी लोकल घातली तर महागडा पास न परवडणारी सगळी माणसं मागच्या-पुढच्या गाडीला लटकतात. रेल्वेने पुढे त्या फेऱ्या मागे घेतल्या.

आणि त्याच पट्ट्यात 9 जून 2025 रोजी सकाळी दिवा-मुंब्र्यादरम्यानच्या वळणावर दोन जलद लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकणारे प्रवासी खाली पडले. त्या दिवशी चार जण गेले. कारणांवर वाद झाले. रूळ, वळण, वेग, पाठीला लावलेली बॅग, सगळ्यांवर बोट ठेवलं गेलं. तांत्रिक चौकशीचा तो भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उघड आहे. मोकळ्या दारांची आणि ओसंडून वाहणारी गाडी चिंचोळ्या जागेतल्या वळणावरून नेणं हे आखणीतच जोखमीचं असतं. जागा नाही म्हणून वळण घ्यायचं आणि गाडी नाही म्हणून दारात लटकायचं. या दोन नाइलाजांची तिथे गाठ पडली. अपघातानंतर नव्या साध्या गाड्यांनाही आपोआप बंद होणारी दारं आणि हवा खेळती ठेवणारी छतावरची यंत्रणा बसवण्याची घोषणा झाली. उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन-अडीच हजार माणसं मरतात. रूळ ओलांडताना मरणारे त्यात सर्वांत जास्त आणि गाडीतून पडणारे त्याखालोखाल. इतके बळी एखाद्या विमान कंपनीच्या खात्यात असते तर ती कंपनी एका वर्षात बंद पडली असती.

आता नव्या स्थानकांकडे वळू. मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्यामध्ये नाहूर 2006 साली आलं. पश्चिम रेल्वेवर जोगेश्वरी-गोरेगावमध्ये राम मंदिर स्थानक डिसेंबर 2016 मध्ये सुरू झालं. आधी त्याचं नाव ओशिवरा राहणार असं सगळे धरून चालले होते. उद्घाटनाच्या दिवशी घोषणाबाजी झाली ती नावाच्या श्रेयावरून, गाड्यांच्या वेळापत्रकावरून नव्हे. नावांत आपला जीव जरा जास्तच रमतो. मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने करी रोडचं लालबाग, मरीन लाइन्सचं मुंबादेवी, चर्नी रोडचं गिरगाव असे उपनगरी स्थानकांच्या नामांतराचे एकदम सात प्रस्ताव मंजूर केले. करी रोडच्या चिंचोळ्या पुलावर सकाळी जी कोंडी होते, ती लालबाग म्हटल्याने सुटेल असं मंत्रिमंडळालाही वाटत नसावं.

नव्या स्थानकाची मागणी कधीच पोकळ नसते. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यात सुमारे साडेसात किलोमीटरचं अंतर आहे. हे अंतर ठरलं तेव्हा मधे शेतं होती. आज तिथे इमारतींच्या रांगा आहेत आणि त्यांतली माणसं रिक्षाला पैसे मोजून कुठल्या तरी एका टोकाला येतात. चिखलोली स्थानक त्यांच्यासाठी आहे आणि ते व्हायलाच हवं. पण दर थांब्यामागे एक हिशोब असतो. गाडी वेग कमी करते, वीस-तीस सेकंद थांबते, पुन्हा वेग घेते. यात मिळून दीड-दोन मिनिटं जातात. कर्जतहून सकाळी निघालेल्या माणसाच्या दोन तासांत ती भर पडते, संध्याकाळी परतताना पुन्हा पडते. शिवाय एकाच रुळावरची मागची गाडीही तितकीच मागे सरकते. म्हणून चिखलोलीचं काम कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेबरोबर जोडलं गेलं, हा शहाणपणा म्हणायला हवा. ही 14 किलोमीटरची मार्गिका 1,510 कोटींची आहे. मार्गिका मागे राहून स्थानक पुढे गेलं तर बदलापूरकरांची गाडी भरूनच येईल आणि चिखलोलीकरांना फक्त फलाट मिळेल. दाराला हात लावायलाही मिळणार नाही.

थांब्यांचं राजकारण दिव्याने सर्वांत नीट दाखवलं. दिव्यात माणसं वाढली, पण फास्ट लोकल थांबत नव्हती. जानेवारी 2015 मध्ये तिथे उसळलेला उद्रेक अनेकांना आठवत असेल, दगडफेक झाली आणि मध्य रेल्वे दिवसभर कोलमडली. जलद गाडी थांबवायची तर जलद रुळांना फलाट हवा, फलाटाला जागा हवी, जागेसाठी रूळ सरकवायला हवेत. ते सगळं करून डिसेंबर 2016 मध्ये फास्ट लोकल दिव्याला थांबू लागली. तेव्हा डोंबिवलीकर आणि कल्याणकर कुरकुरले. प्रत्येकाला आपल्या स्थानकात फास्ट थांबायला हवी असते आणि बाकी सगळी स्थानकं तिने सोडून द्यावीत असंही वाटतं. याच दिव्यात रुळांवरचं फाटक अजून लोकलच्या वेळापत्रकाला नडतं. फाटक उघडलं की सिग्नल लाल, गाड्या खोळंबलेल्या, आणि शेवटची रिक्षा घुसेपर्यंत फाटक बंद होत नाही. त्यावर उड्डाणपूल झाला तर गाड्या वेळेवर धावतील, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण उड्डाणपूल म्हणजे दोन्ही बाजूंना पोचरस्ते, आणि पोचरस्ते म्हणजे घरं. तिथे रेल्वे महापालिकेकडे बघते आणि महापालिका रेल्वेकडे.

इथे आपण मुळाशी येतो, जागेपाशी. पैसा कमी पडतो हे खरं, पण रखडण्याचं कारण सहसा तो नसतो. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प, ज्याला सगळे एमयूटीपी म्हणतात, त्यासाठी मुंबई रेल्वे विकास महामंडळ 1999 साली स्थापन झालं. खर्च रेल्वे आणि राज्य सरकारने अर्धा-अर्धा उचलायचा, पहिल्या टप्प्याला जागतिक बँकेचं कर्ज. त्या वेळी रुळांच्या इतक्या जवळ झोपड्या होत्या की कित्येक ठिकाणी गाडीला वेग आवरावा लागे आणि खिडकीतून हात बाहेर काढला तर कोणाच्या तरी पत्र्याला लागेल असं वाटे. ती वस्ती हलवताना एक वेगळी गोष्ट घडली. स्पार्क ही संस्था, नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन आणि महिला मिलन यांच्या मदतीने झोपडीवासीयांनी स्वतःच घरोघरची मोजणी केली, याद्या केल्या आणि हजारो कुटुंबं मोठ्या बळजबरीशिवाय हलली. रुळांच्या कडेची जमीन सुटली. पण ज्यांनी ती सोडली त्यांना मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड किंवा वाशी नाका इथल्या एकमेकींना चिकटलेल्या इमारती मिळाल्या. ऊन नाही, वारा नाही आणि रोजगार दूर. रेल्वेचा वेग वाढला त्याची किंमत या माणसांनी भरली, याची नोंद प्रकल्पाच्या यशोगाथेत दुसऱ्या ओळीत तरी यायला हवी.

तोच पेच आज कळवा-ऐरोली जोडमार्गाला आहे. कल्याणहून नवी मुंबईत कामाला जाणाऱ्याला ठाण्याला उतरावं लागतं, पुलावर चढावं लागतं, दहा नंबरच्या फलाटावर ट्रान्स-हार्बर पकडावी लागते. ही सगळी माणसं ठाण्यात उगाच उतरतात, म्हणूनच ठाण्याचे पूल तुंबतात. कळव्यावरून थेट ऐरोलीकडे गाडी वळली तर हा फेरा वाचेल. हा उन्नत मार्ग डिसेंबर 2016 मध्ये एमयूटीपी-3 मध्ये मंजूर झाला. त्याचा एक भाग म्हणून बांधलेलं दिघा गाव स्थानक उघडलं. मुख्य जोडमार्ग मात्र कळव्यातल्या हजारभर घरांच्या पुनर्वसनात अडकला. स्थानक मिळालं आणि ज्या मार्गासाठी ते बांधलं तो मार्ग राहिला. आम्ही ज्याला प्रगती म्हणतो, त्यातली बरीचशी अशी अर्धी असते.

ठाणे आणि मुलुंड यांच्यामधल्या नव्या स्थानकाची कहाणी वेगळ्या दिशेने तिथेच जाते. त्यासाठी लागणारी जागा ठाण्याच्या मनोरुग्णालयाची. जागेचा वाद उच्च न्यायालयात गेला, तिथे कित्येक वर्षं काम थांबलं, 2023 मध्ये वाट मोकळी झाली. स्मार्ट सिटीच्या पैशातून उड्डाणमार्ग आणि परिसर, रेल्वेच्या पैशातून रूळ आणि फलाट अशी वाटणी झाली. ठाण्यात रोज सहा लाखांच्या आसपास माणसं चढतात-उतरतात. त्यातली वागळे इस्टेट, घोडबंदर रस्त्याकडची गर्दी नव्या स्थानकाने उचलली तर जुनं ठाणे श्वास घेईल. माझ्या मते उपनगरी रेल्वेवरच्या सगळ्या प्रस्तावित स्थानकांत सर्वांत गरजेचं हेच आहे, कारण ते नवी माणसं आणण्याऐवजी असलेली माणसं वाटून घेणार आहे. प्रत्येक नव्या स्थानकाला हा एक प्रश्न विचारावा: ते गर्दी वाटतं की गोळा करतं?

नवी मुंबईने एक वेगळी वाट काढली होती, तिचा हिशोब निराळा. 1992 मध्ये मानखुर्दहून खाडी ओलांडून लोकल वाशीला गेली, 2004 मध्ये ठाणे-वाशी सुरू झाली. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने यातल्या खर्चाचे 67 टक्के उचलले, रेल्वेने 33 टक्के. सिडकोकडे जमीन होती, स्थानक झालं की भोवतालच्या भूखंडांची किंमत चढते हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिला हे परवडलं. वाशी, बेलापूर, सीवूड्स ही स्थानकं म्हणूनच इतकी ऐसपैस आहेत. वर कार्यालयं, बाजूला बाजार, सीवूड्सला तर माथ्यावर मॉल. रस्ते आधी आखलेले असल्याने बस, रिक्षा दारापर्यंत येतात. तरी खुद्द सिडकोच्याच राज्यात उरणला 27 वर्षं लागली, कारण उरण-पनवेल पट्ट्यात भूसंपादन, खारफुटी आणि शेतकऱ्यांना द्यायच्या साडेबारा टक्के भूखंडांचा इतिहास आहे. रेल्वेपेक्षा जुना हिशोब शेतकऱ्यांचा होता. आता नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यावर तरघरला महत्त्व आलं आहे आणि उरणच्या गाड्यांची संख्या किती यावर लोक बोलू लागले आहेत. सुरुवातीला इतक्या मोजक्या फेऱ्या होत्या की एक गाडी चुकली तर माणूस सरळ एनएमएमटीची बस पकडायचा.

खारफुटीचा उल्लेख आला तर थोडं थांबायला हवं. 2018 च्या उच्च न्यायालयाच्या निकालापासून खारफुटी तोडण्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते आणि मुंबईभोवतीचा जवळजवळ प्रत्येक नवा रूळ खाडीकाठून जातो. विरार-डहाणू चौपदरीकरणाच्या 64 किलोमीटरमध्ये हे वारंवार आडवं आलं. डहाणूला लोकल 2013 मध्ये पोहोचली, पण दोनच रुळांवर, गुजरातच्या सगळ्या गाड्यांच्या अधूनमधून. पालघर, बोईसर, केळवेची माणसं सकाळी एक लोकल गाठण्यासाठी किती आधी घर सोडतात हे दादर-चर्चगेटच्या माणसाला सांगून पटत नाही. पर्यावरणाची परवानगी हा अडथळा मानण्यात अर्थ नाही. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत तरी कोणी तसं म्हणू नये. चूक अशी होते की आखणी करतानाच खारफुटी नकाशावर येत नाही. निविदा निघाल्यावर ती दिसते.

पनवेल-कर्जत हा मार्ग या सगळ्यात सर्वांत आशेचा. सुमारे 29.6 किलोमीटर, खर्च 2,782 कोटी, पनवेल, चिखले, मोहोपे, चौक आणि कर्जत अशी पाच स्थानकं. इथे आधीची एकेरी मार्गिका होती, तिच्यावर मालगाड्या आणि काही लांबच्या गाड्या जायच्या. वावर्ले इथला 2,625 मीटरचा बोगदा उपनगरी जाळ्यातला सर्वांत लांब, पारसिकच्या जवळजवळ दुप्पट. डिसेंबर 2025 ची मुदत चुकली, तरी या कामाचा वेग इतरांच्या मानाने बरा राहिला, कारण वस्ती विरळ होती. पण रूळ पोहोचण्याआधीच चौक आणि मोहोप्याच्या शेतांत प्लॉटिंगच्या पाट्या उभ्या राहिल्या आहेत. पुढच्या पंधरा वर्षांत तिथे दुसरं बदलापूर होणार असेल तर रस्ते, पाणी, स्थानकासमोरची मोकळी जागा आजच राखून ठेवायला हवी. बदलापूरला ती कोणी राखली नाही आणि आज रिक्षातळ, भाजीवाले, टेम्पो आणि प्रवासी सगळे एका गल्लीत उभे असतात.

जुन्या स्थानकांच्या सुधारणेवर मात्र पैसा पडतो आहे. अमृत भारत योजनेत देशभरातली 1,300 हून अधिक स्थानकं आहेत. 22 मे 2025 रोजी उद्घाटन झालेल्या 103 मध्ये चिंचपोकळी, परळ, माटुंगा, वडाळा रोड आणि शहाड होती. रंगरंगोटी, नवे दिवे, पाट्या, बाग, दर्शनी भिंत. वाईट काही नाही. पण चिंचपोकळीला उतरणाऱ्याचं दुखणं दर्शनी भिंतीचं नव्हतं. भायखळा स्थानकाची दुरुस्ती हा वेगळा आणि सुंदर नमुना आहे, जुनी इमारत जपून ती पुन्हा उजळवली म्हणून तिला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. ते वारसा जपण्याचं काम होतं आणि त्याच नावाने झालं.

प्रवाशाच्या दृष्टीने सुधारणा कशी असते याचे दोन दाखले पुरेत. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत 23 जण गेले. कारखाने जाऊन तिथे कार्यालयांचे टॉवर आले होते, पूल तोच राहिला होता. नंतर लष्कराला बोलावून काही महिन्यांत नवा पूल उभा केला. त्यानंतर शहरभर पादचारी पूल रुंद झाले आणि सरकते जिने आले, आणि आता मधले पूल जोडून उंच डेक बांधण्याची पद्धत पडते आहे. दुसरा दाखला ठाण्याचा. मे 2024 च्या अखेरीला पाच आणि सहा नंबरचा फलाट दोन-तीन मीटरने रुंद करायला 63 तासांचा ब्लॉक घेतला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरही त्याच काळात काम होतं, दोन्ही मिळून 930 फेऱ्या रद्द झाल्या. दोन मीटरसाठी एवढा खटाटोप? होय, कारण फलाट रुंद करायचा तर शेजारचा रूळ सरकवावा लागतो, त्याच्यावरची वायर सरकवावी लागते, आणि मग सिमेंटचे तयार ठोकळे रांगेत बसवून भर घालावी लागते. ज्यांनी सोमवारी सकाळी तिथे पाय ठेवला त्यांना त्या दोन मीटरची किंमत कळली. तसंच फलाटाच्या उंचीचं. 2014 साली घाटकोपरला एका मुलीने फलाट आणि डब्यामधल्या फटीत दोन्ही हात गमावले, त्यानंतर उच्च न्यायालयाच्या दट्ट्याने फलाट 900 मिलिमीटरपर्यंत उचलले गेले. हे काम काही इंचांचं होतं. त्याने किती जीव वाचले असतील ते मोजता येणार नाही, म्हणून त्याचं उद्घाटनही झालं नाही.

सिग्नलिंगबद्दल लोक फार बोलत नाहीत, कारण ते दिसत नाही. सीबीटीसी नावाच्या पद्धतीत प्रत्येक गाडीला पुढची गाडी कुठे आहे ते रेडिओवरून सतत कळत राहतं, त्यामुळे दोन गाड्यांमधलं अंतर अडीच-तीन मिनिटांपर्यंत खाली आणता येतं. दिल्ली-मुंबईच्या मेट्रोंना हे नवं नाही. एमयूटीपी-3ए च्या 33,690 कोटींच्या योजनेत त्याला मार्च 2019 मध्येच मंजुरी मिळाली आहे. पण मेल, माल आणि लोकल एकाच रुळावर असताना ही यंत्रणा नीट बसत नाही, तिला वेगळा रूळ लागतो. पुन्हा फिरून आपण रुळापाशीच येतो.

आणि रूळ येऊन थांबतात कुर्ल्याला. कल्याणहून ठाण्यामार्गे आलेल्या सहा मार्गिका कुर्ल्यानंतर चार होतात, मोठं नरसाळं धरावं तसं. कुर्ला ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हा साडेसतरा किलोमीटरचा पाचव्या-सहाव्या मार्गिकेचा टप्पाही 2008 च्याच एमयूटीपी-2 मधला, ठाणे-दिव्याचा जुळा भाऊ. पहिला भाग परळपर्यंतचा. त्यासाठी धारावी परिसरातली जागा हवी, सायनच्या रस्तेपुलाचे खांब दूर करायला हवेत. तो शंभर वर्षांहून जुना पूल 1 ऑगस्ट 2024 पासून बंद करून पाडायला घेतला, कारण त्याच्या कमानीखाली दोन नवे रूळ मावत नव्हते. परळ टर्मिनस मार्च 2019 मध्ये सुरू झालं, तिथून काही लोकल सुटतात. पण मार्गिका पुढे गेली नाही तर त्या टर्मिनसचा पूर्ण उपयोग होणार नाही.

बदलापूर, टिटवाळा, दिवा, चिखलोली इथल्या प्रवासी संघटनांनी आपापल्या खासदारांना पुढच्या वेळी स्थानकाऐवजी हा टप्पा विचारावा. किती जागा ताब्यात आली, किती घरं हलली, सायनचा पूल कधी होणार, परळ-कुर्ला रूळ कधी सुरू होणार. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत पाचवी-सहावी मार्गिका पोहोचत नाही, तोवर कल्याणपलीकडे बांधलेलं प्रत्येक नवं स्थानक त्याच चार रुळांवर माणसं आणून सोडणार आहे.